मंडपातला खर्ज : वर्धा जिल्ह्यातली बेस गिटार आणि तिची निगा

वर्धा जिल्ह्यात ऑर्केस्ट्राची सुपारी ठरते तेव्हा गायक किती, गायिका आहे का, ऑक्टापॅडवर कोण, एवढ्या चौकश्या होतात. बेस गिटार आहे का, असं विचारणारा आयोजक विरळा. पैशांची ओढाताण झाली की गटातून सहसा पहिल्यांदा गळतो तो बेसवालाच. त्याचं काम कीबोर्डच्या डाव्या हाताकडे किंवा लॅपटॉपमधल्या ट्रॅककडे जातं. हे वाद्य आपल्या मंडपात टिकणार का, आणि टिकायचं असेल तर त्याला काय लागेल, हा या आढाव्याचा प्रश्न आहे. माझं मत सुरुवातीलाच मांडतो. श्रोत्यांच्या आवडीनिवडीपेक्षा इथलं हवामान, मंडपातली वीज, हाताशी नसलेला दुरुस्ती करणारा आणि वाद्याच्या निगेबद्दलची आपली बेफिकिरी यांनी बेस गिटारचं जास्त नुकसान केलं आहे. आणि या चारही गोष्टींवर उपाय करता येण्यासारखे आहेत.

सिनेमातून मंडपात

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली. त्याआधी खालच्या सुरांचं काम उभ्या डबल बेसकडे होतं. ते वाद्य माणसाहून उंच, न्यायला अवघड आणि ड्रमसमोर ऐकू न येणारं. फेंडर यांच्या वाद्याच्या मानेवर धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट होते, तारांचं कंपन विजेत बदलणारा पिकअप होता आणि ते गळ्यात अडकवता येत होतं. हिंदी चित्रपटसंगीतात ते रुळलं तेव्हा गोव्याच्या वादकांनी त्यात मोठा वाटा उचलला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. १९८२ साली सिंथेसायझरवर राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढणारे चरणजित सिंग हेही स्टुडिओत बेस गिटार वाजवलेले वादक. ऑर्केस्ट्राने सिनेमाची गाणी हुबेहूब वाजवायची ठरवल्यावर या वाद्याचं मंडपात येणं ओघानेच आलं.

गोव्यात बेसवाल्याला आधार देणाऱ्या जागा अनेक आहेत. चर्चमधलं संगीतशिक्षण आहे, लग्नातले बँड आहेत आणि तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात रंगमंचापाशी बसणारा जिवंत वाद्यमेळ आहे. विदर्भाच्या पूर्वेला झाडीपट्टी रंगभूमीने वादकांना असाच हंगामी आधार दिला. दिवाळीनंतर वडसा भागातून निघणाऱ्या नाट्यमंडळ्यांबरोबर वादकही गावोगाव फिरतात. वर्ध्याला यांपैकी काहीच मिळालं नाही. इथली परंपरा भजनाची आणि खंजिरीची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा प्रभाव गावागावांत आहे, सेवाग्रामची सर्वधर्मप्रार्थना आहे, जयंत्यांमधली भीमगीतं आणि कव्वाली आहे. या सगळ्यात खालचा सूर भरायचं काम डग्गा आणि ढोलकीची धूम करत आली. त्यामुळे खर्ज आपल्या कानाला परका नाही. तो तारेवर वाजवणारा माणूस मात्र नवा आहे.

पब नसलेला जिल्हा

पुण्या-मुंबईत बेस वाजवणारी पोरं घडतात ती पबमध्ये आणि कॅफेत. आठवड्याला एक-दोन कार्यक्रम, तीच जागा, तोच ॲम्प्लिफायर. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्यामुळे १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे, त्यामुळे ती वाट इथे नाही. दारूबंदी असावी की नसावी, हा या लेखाचा विषय नाही. वादकावर होणारा तिचा परिणाम असा, की त्याला बारमाही जागा मिळत नाही आणि त्याचं सगळं काम हंगामी होतं.

हा हंगाम नीट पाहण्यासारखा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं. १४ एप्रिलची डॉ. आंबेडकर जयंती आणि तिच्या आगेमागे पंधरा-वीस दिवस चालणारे भीमगीतांचे कार्यक्रम. त्याला लागूनच जूनपर्यंतची लग्नसराई. मग आषाढापासून शुकशुकाट, तो थेट गणपतीपर्यंत. पुढे नवरात्रात देवी-शारदेचे मंडप आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. याचा अर्थ, बेस गिटार सर्वांत जास्त वाजते ती वर्षातल्या सर्वांत कोरड्या आणि तापलेल्या आठवड्यांत, आणि कोपऱ्यात पडून राहते ती सर्वांत दमट महिन्यांत. निगेचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

ट्रॅक आहे, मग माणूस कशाला?

गटप्रमुखांची बाजू समजून घेतली पाहिजे. १९८५मध्ये रोलँडचा ऑक्टापॅड आला, स्वस्त कीबोर्ड आले आणि सहा-सात जणांचं काम तिघांत होऊ लागलं. माणूस कमी म्हणजे मानधन कमी, जेवणाचं ताट कमी, छोटा हत्तीमध्ये सामानाला जागा जास्त. ट्रॅकमधला बेस कधी चुकत नाही आणि त्याला उशीर होत नाही. लोक गायक पाहायला येतात, हेही खरं आहे.

पण भर मंडपात काय घडतं ते पाहा. लोकांनी फर्माईश केली, मुखडा पुन्हा घ्यायचा आहे. गायकाने अंतऱ्याआधी चार ओळी बोलायचं ठरवलं. नवरदेवाची वरात दारात अडकली, आता गाणं लांबवायचं आहे. ट्रॅक थांबत नाही, वाकत नाही. कीबोर्डवाला वाकतो, पण उजव्या हाताने सुरावट आणि डाव्याने बेस सांभाळताना दोन्हींतला जीव कमी होतो. बेसवाल्याचं खरं काम ड्रमच्या किकला धरून राहण्याचं आहे. किक आणि बेसची तार एका क्षणी पडली की गाणं जमिनीवर उभं राहतं आणि गायकाला मोकळं सुटता येतं. श्रोता वाद्याचं नाव घेणार नाही, पण त्याचा पाय त्यावरच पडतो. कव्वालीच्या अंगाने जाणाऱ्या भीमगीतात हे सर्वांत चांगलं कळतं. तिथे गायक ओळ कितीदा घोळवेल हे आधी ठरलेलं नसतं.

हा युक्तिवाद एका अटीवर उभा आहे. बेसवाल्याचं वाद्य सुरात, खरखर न करता आणि पहिल्या गाण्यापासून वाजलं पाहिजे. दोन कार्यक्रमांत त्याची वायर खरखरली, एकात आवाज गेला, की गटप्रमुख लॅपटॉप उघडतो, आणि तेव्हा त्याला दोष देता येत नाही.

ऊन, पाऊस आणि लाकूड

वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली येते. ऑगस्टमध्ये हीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. गिटारीच्या लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे ती या पट्ट्यात राहते ते वर्षातले मोजके आठवडे.

बेसच्या चार तारा मिळून मानेवर साधारण ७५ ते ८० किलोचा ताण देतात. हा ताण तोलायला मानेच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं. धातूचे फ्रेट आक्रसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि हाताला ओरखडे काढतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. काही माना पुढे वाकतात, काही मागे. मग एकतर तारा फ्रेटपासून उंच जातात किंवा फ्रेटवर घासून झणझणतात. अशा वेळी वाद्य खराब निघालं, असं समजून ते विकून टाकणारेही असतात. प्रत्यक्षात ते ट्रस रॉडच्या पाव फेऱ्याचं काम असतं.

हे काम वादकाने स्वतः शिकावं. वाद्य सुरात लावायचं, जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे अंगाला मिळते त्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट पाहायची. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असावी. फट जास्त असेल तर सळई आवळायची, अजिबात नसेल तर सैल करायची. एका वेळी पाव फेराच द्यायचा, मग वाद्याला काही तास द्यायचे आणि पुन्हा पाहायचं. सळई जोर करूनही फिरत नसेल तर तिथेच थांबायचं. ते जाणकाराचं काम. वर्ध्यात हे वर्षातून दोनदा तरी करावं लागतं, होळीच्या सुमारास आणि पाऊस स्थिरावल्यावर.

तापमानाचा वेगळा त्रास आहे. बंद गाडीच्या आत मे महिन्याच्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापमान जातं. गिटारीच्या सांध्यांतला सरस त्या उष्णतेत मऊ पडू शकतो. म्हणून गट जेवायला थांबला तरी गिटार गाडीत राहू नये, आणि टेम्पोच्या टपावर तर ती कधीच जाऊ नये. पोलादी तार तापली की सैल पडते आणि सूर उतरतो. घरी थंडाव्यात लावलेली बेस मंडपात पोचेपर्यंत उतरलेली असते. वाद्य मंडपाच्या सावलीत पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवून मगच सूर लावावा.

तारांबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं, झळाळता आवाज हवा तर दर दोन-तीन महिन्यांनी संच बदला. दुसऱ्या मताचे लोक जेम्स जेमरसन यांचा दाखला देतात. अमेरिकेतल्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या गाजलेल्या गाण्यांवर वाजवणारे हे वादक तार तुटल्याशिवाय बदलत नसत, आणि त्यांच्या बेसवर चपट्या वेढ्यांच्या तारा असत. आपल्या हवेत हे दुसरं मत अधिक उपयोगाचं वाटतं. चपट्या वेढ्यांच्या तारेत घाम आणि धूळ कमी साचते, ती जास्त टिकते आणि तिचा गोलसर आवाज जुन्या गाण्यांना शोभतो. तारा कोणत्याही असोत, कार्यक्रम संपल्यावर कोरड्या सुती कपड्याने त्या वरून आणि खालून पुसणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा उपाय आहे.

फिंगरबोर्ड शिसवीचा असेल तर उन्हाळ्यापूर्वी त्याला त्याच कामाच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. घरातलं खाण्याचं तेल लावू नये; ते काही महिन्यांनी चिकट होऊन धूळ धरतं. पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत वाद्य भिंतीला टेकवून न ठेवता पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावं, आठवड्यातून एकदा बाहेर काढून वाजवावं. ओलसर बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या गिटारीच्या खुंट्या आणि घोडीचे स्क्रू पहिल्याच पावसात गंजू लागतात.

वीज : सर्वांत मोठा धोका

मंडपातली वीज तात्पुरती असते, आणि बेसवाल्याचे निम्मे प्रश्न तिथून येतात. पहिला प्रश्न गुणगुणीचा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. बेसच्या सर्वांत जाड तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी सूर, ४९ हर्ट्झ. म्हणजे विजेची गुणगुण आणि बेसचा एक नेहमी लागणारा सूर जवळजवळ एकाच जागी बसतात. साउंडवाल्याने ती गुणगुण कापायला खालचे सूर उतरवले की बेसही जातो. खरा उपाय मिक्सरवर नसून वायरमध्ये आहे. गिटारपासून मिक्सरपर्यंत वीस मीटरची साधी वायर टाकली की ती अँटेनासारखी आजूबाजूची विजेची गुणगुण पकडते. पाच मीटरची चांगली वायर डीआय बॉक्सपर्यंत (गिटारचा आवाज लांब वायरीसाठी संतुलित करणारी छोटी पेटी) आणि तिथून पुढे मायक्रोफोनसाठी वापरतात ती संतुलित वायर, एवढ्याने बहुतेक ठिकाणी आवाज स्वच्छ होतो. बेसवाल्याने पेडल घेण्याआधी स्वतःचा डीआय बॉक्स घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. गिटारीच्या तारा वायरच्या आवरणातून ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प एका बोर्डवर आणि मायक्रोफोनची यंत्रणा दुसऱ्या सदोष बोर्डवर असेल, तर हात तारेवर आणि ओठ माइकला लागताच वादकाच्या अंगातून वीज जाते. म्हणून अर्थिंगची पिन कधीही तोडू नये, तीन पिनांचा प्लग दोन पिनांत कोंबू नये आणि रंगमंचावरची सगळी वाद्यं एकाच बोर्डवरून घ्यावीत. माइकला तोंड लावण्याआधी त्याच्या जाळीला टेस्टर लावून पाहण्यात लाजण्यासारखं काही नाही, पण टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नये. मंडपाच्या मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असेल तर जीव वाचतो. आयोजकाकडे या एका गोष्टीचा हट्ट धरायला हवा.

तिसरा प्रश्न यंत्रांचा. मंडपाला थ्री-फेज जोडणी असते. तिथला न्यूट्रल ढिला झाला तर साध्या सॉकेटवर २३० व्होल्टऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि काही सेकंदांत ॲम्प, कीबोर्ड, मिक्सर जळतात. वीज गेल्यावर जनरेटर सुरू होताना दाब वरखाली होतो, म्हणून त्या मिनिटाला ॲम्प बंद ठेवावा आणि मीटरवर दाब स्थिर दिसल्यावरच चालू करावा. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर काहीशे रुपयांत मिळतो, आणि त्याने वाचवलेला एक ॲम्प अनेक कार्यक्रमांचं मानधन वाचवतो.

बारीक गोष्टीही सांगायला हव्यात. ॲक्टिव्ह बेसमध्ये, म्हणजे आत स्वतःचं सर्किट असलेल्या बेसमध्ये, नऊ व्होल्टचा सेल असतो आणि जॅक लावलेला असेपर्यंत तो खर्च होत राहतो. वाजवून झालं की जॅक काढावा. पावसाळ्यात सेल आतच ठेवला तर तो पाझरून सर्किट खातो. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, गंज सोडवण्याचं साधं तेल नाही. वायर कोपराभोवती गुंडाळली की आतली तार पिळून तुटते. मोठी सैल वेटोळी करावीत. आणि प्रत्येक वादकाच्या पिशवीत एक जादा वायर, एक तारांचा संच, फ्यूज आणि सेल असलाच पाहिजे. तळेगाव किंवा आष्टीच्या मंडपात रात्री नऊ वाजता यांतलं काही विकत मिळत नाही.

आवाज, कायदा आणि कान

डीजेच्या दणक्यामुळे खालच्या सुरांची गावात बदनामी झाली आहे, आणि तक्रार खोटी नाही. बेसच्या सर्वांत खालच्या सुराची लहर आठ मीटरहून लांब असते. मंडपाचं कापड तिला अडवत नाही आणि ती शेजारच्या घरापर्यंत सरळ जाते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असतात. राज्य सरकार वर्षातले ठरावीक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप ज्या पद्धतीने होतं त्यात ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटर शांत असतानाही शेजाऱ्याच्या खिडक्या थरथरत असू शकतात. कायद्याच्या आकड्यावर न थांबता स्वतःहून आवाज आवरणं ही बेसवाल्याची जबाबदारी आहे.

उघड्या मंडपात भिंती नसल्याने रंगमंचावर बेस पातळ वाटतो आणि वादक आवाज वाढवत जातो. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात तोच आवाज घुमून सगळी गाणी एकमेकांत मिसळतात. दोन्हीकडे उपाय एकच, कार्यक्रमाआधी कुणालातरी वाजवायला लावून स्वतः मागच्या खुर्च्यांपर्यंत चालत जाऊन ऐकणं. बेसवाला बहुधा ड्रमच्या झांजांशेजारी उभा असतो, तेव्हा त्याने कानांचाही विचार करावा. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. कानात घालायचे बोळे तारांच्या संचाहून स्वस्त आहेत, आणि कान बदलून मिळत नाही.

पुढे काय करता येईल

सुरुवातीची बरी बेस साधारण १५ ते २५ हजारांत येते, तारांचा संच हजार ते तीन हजारांत. हंगामी मानधनावर जगणाऱ्या पोराला हे जड आहे. वाद्य बिघडलं तर नागपूर गाठायचं म्हणजे जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, आणि लग्नसराईत तो दिवस सापडत नाही. मग बिघडलेलं वाद्य तसंच वाजतं आणि हळूहळू घरी बसतं. बेस सोडलेल्यांच्या गोष्टी ऐकल्या तर त्यांतल्या बऱ्याच अशाच असतात. गाण्यावरचं प्रेम आटल्याची त्यांत क्वचितच एखादी.

म्हणून काही सूचना. महाविद्यालयं स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी साउंडवर खर्च करतात. त्यातला थोडा भाग एक बेस, एक ॲम्प आणि दोन डीआय बॉक्स कायमचे घेण्यात गेला आणि ते सांभाळण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे दिली, तर शिकणाऱ्याला स्वतःचं वाद्य नसतानाही हात बसवता येईल. जिल्ह्यात आयटीआयमधून वीजतंत्री तयार होतात. पिकअपचा सोल्डर, जॅक बदलणं, आवाजाच्या बटणाखालचा पॉट साफ करणं हे त्यांच्या हातात सहज बसणारं काम आहे. त्यातल्या दोघा-तिघांना हे शिकवलं तर नागपूरच्या अर्ध्या फेऱ्या वाचतील. गटांनी सुपारी घेतानाच कागदावर लिहून द्यावं : अर्थिंग असलेला एक वेगळा बोर्ड, गळती-संरक्षक स्विच, रंगमंचावर सावली. हे मागणं वादकाचा हक्क आहे आणि त्याने आयोजकाचाही कार्यक्रम सुरळीत होतो.

शेवटी भार वादकावरच येतो. हिंगणघाटच्या मंडपात वायर खरखरली नाही, आर्वीच्या उन्हात सूर उतरला नाही, देवळीला जनरेटर बदलताना ॲम्प जळला नाही, असं सलग वर्षभर घडलं की गटप्रमुख पुढच्या हंगामात लॅपटॉपआधी त्या माणसाला फोन करतो. वर्ध्यात बेस गिटारची जागा याच विश्वासावर बनणार आहे. तो कमवायला मोठी प्रतिभा लागत नाही. पुसलेल्या तारा, तपासलेली मान, धड वायर आणि वेळेवर हजर असलेला माणूस लागतो. रियाजाइतकंच हे काम गंभीरपणे घेणाऱ्या पोरांच्या हातात मंडपातला खर्ज टिकेल, असा माझा विश्वास आहे.